भीती किती दिवसांची?

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जनवाडा आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि पोट भरायला हैदराबाद, पुणे नाहीतर मुंबई अशी इथल्या कित्येक तरुणांची रीत. दक्षिणेला हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणाऱ्या माणसाच्या हातून एखाद्या रात्री काही घडतं आणि दुसऱ्या दिवसापासून काळजी सुरू होते. लघवीला जरा जळजळ झाली, अंगावर एखादी पुळी उठली, साधी कणकण आली तरी त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. विचारायचं कुणाला, हेच त्याला समजत नाही. पुढच्या संवादातले काका हे कुणी एक गृहस्थ नव्हेत. भालकी-बसवकल्याणपासून आळंदपर्यंत पारावर आणि चहाच्या टपरीवर जे मत ठासून मांडलं जातं, ते मी त्यांच्या तोंडी घातलं आहे. ते टाकाऊ आहे असं समजून घातलेलं नाही.

काका : बघ बाबा, सरळच बोलतो. पोरांना भीती वाटत असेल तर वाटू दे की. चार महिने झोप उडाली तर जन्मभर वाकडी वाट धरणार नाहीत. तुम्ही शिकलेले लोक मोफत तपासणी, मोफत गोळ्या, मोफत निरोध देता आणि वर सांगता, घाबरू नका. मग माणसाला आवर कशाचा राहिला?

मी : भीती माणसाला आवरते की नाही, ते पुढे पाहू, काका. आधी एवढं बघा की ही भीती योग्य माणसाला वाटते का. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा एक अभ्यास झाला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे पहिले लेखक. करोनाच्या दिवसांत सरकारच्या पत्रकार परिषदेत बोलताना आपण त्यांना टीव्हीवर पाहिलं, तेच हे. १९९७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. त्यातल्या ३९१ बायका देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेकींचा संबंध एकट्या नवऱ्याशीच आलेला. तरी त्यांच्यातल्या १३.६ टक्के बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला, आणि नवऱ्याला असलेला गुप्तरोग हाच त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा धोका ठरला. या बायकांना कुणी भीती घातली नव्हती, कारण भिण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. ज्यांना भ्यायला हवं होतं ते नवरे निर्धास्त घरी येत होते. आजही तेच दिसतं. एकदाच, तेही निरोध वापरून गेलेलं पोरगं महिनाभर जेवत नाही. दर खेपेला कुठेतरी थांबणाऱ्याला काही वाटेनासं झालेलं असतं. आणि घरातली बाई अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळी आणून गप्प बसते. लाज जेवढी मोठी तेवढी भीती मोठी, असा हा हिशेब आहे. धोका किती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणून भीतीवर आरोग्याचा कारभार सोपवता येत नाही.

काका : बरं, मग धोका किती ते तरी सांग. एकदा गेलं म्हणजे लागलंच, असं आम्ही ऐकत आलो.

मी : एचआयव्हीपुरतं बोलायचं तर त्याचं मोजमाप झालेलं आहे. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो औषधावर नाही आणि निरोध वापरलेला नाही असं धरलं, तर योनीमार्गे आलेल्या एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४, बाईला दहा हजारांत सुमारे ८. गुदमार्गाच्या संबंधात ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याला मात्र ती दहा हजारांत १३८ पर्यंत जाते. हे आकडे प्रामुख्यानं श्रीमंत देशांतल्या अभ्यासांचे आहेत. गरीब देशांतल्या अभ्यासांत ते कित्येक पट मोठे निघाले, कारण जननेंद्रियावर दुसऱ्या एखाद्या रोगाची जखम असली की विषाणूला वाट सोपी होते. शिवाय समोरच्या माणसाला एचआयव्ही असेलच असंही नाही. भारतात प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये ते त्याच्या कित्येक पट असलं तरी दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे एका रात्रीनंतर 'मला एड्स झालाच' असं धरून बसलेल्या माणसाची समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. चुंबन, गळाभेट, एका ताटात जेवण, संडास, डास यांतून तर एचआयव्ही लागतच नाही.

काका : हे बघ, तू परवानाच दिलास. दहा हजारांत चार म्हटल्यावर कोण थांबेल?

मी : परवाना दिला नाही, कारण अजून अर्धीच गोष्ट सांगितली आहे. सगळं भय एचआयव्हीच्या नावावर जमा झाल्यामुळे त्याच्याहून कितीतरी सहज लागणारे रोग नजरेआड राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात परमा (गनोरिया), गरमी, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार रोगांची मिळून ३७ कोटींहून जास्त नवी लागण झाली, आणि हे चारही औषधानं पूर्ण बरे होतात. परम्यात पुरुषाला बहुधा आठवड्याच्या आत पू येतो, आग होते, त्यामुळे तो दवाखाना गाठतो. क्लॅमिडिया पुष्कळदा काहीच दाखवत नाही. बायकांमध्ये तर हे दोन्ही मुकाट राहतात आणि गर्भनलिकांना सूज आणून पुढे मूल न होण्याचं कारण बनतात. मग 'वांझ' म्हणून बोल कुणाला लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गरमी, म्हणजे सिफिलिस, याहून फसवी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, एक जखम उठते. कडा कडक, तळ स्वच्छ, आणि हात लावला तरी दुखत नाही. न दुखणारी जखम कोण दाखवायला जातो? तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते आणि माणूस देवाचे आभार मानून कामाला लागतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं. तेही न खाजवता निघून जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं शांतता असते, आणि कुणाकुणाच्या बाबतीत हृदयाची मोठी रक्तवाहिनी किंवा मेंदू पोखरला जातो. गरोदर बाईला तिची लागण झाली तर पोटातलं मूल दगावू शकतं. एवढ्या रोगाला सुरुवातीच्या काळात उपाय म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिट, एकाच वेळी, कमरेखालच्या स्नायूत. गुप्तरोगांच्या सरकारी 'सुरक्षा' क्लिनिकमध्ये ती पांढऱ्या किटमध्ये येते. पू किंवा स्राव जाणाऱ्यासाठी राखाडी किट आहे. त्यात दोनच औषधं, अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकदाच घ्यायची. पेनिसिलिन चालत नाही त्याच्यासाठी निळं किट वेगळं ठेवलेलं असतं. आता सांगा, ज्याच्या मनात फक्त एड्सचं भूत आहे तो न दुखणारी जखम भरली म्हणून समाधान मानणार की गरमीची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी करून घेणार?

काका : तपासणी करतात की. आमच्याकडची पोरं दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन पैसे भरून येतात. रिपोर्ट चांगला येतो आणि तरी रडत बसतात.

मी : यातच माझं सगळं म्हणणं आलं, काका. तुम्ही शेतकरी. तूर पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून बघितली तर काय दिसणार? शरीराचंही तसंच आहे. लागण झालीच तरी रक्तात तिची खूण उमटायला दिवस लागतात. अँटीबॉडी बघणारी साधी रॅपिड तपासणी २३ ते ९० दिवसांनी बोलकी होते. अँटिजेनही पकडणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली तपासणी १८ ते ४५ दिवसांनी. म्हणून सहा-सात आठवड्यांनी एक आणि तीन महिने पुरे झाल्यावर शेवटची, असा हिशेब ठेवला तर एचआयव्ही आणि गरमी या दोन्हींचं उत्तर मिळतं. जळजळ, पू, जखम, जांघेत गाठ असं काही दिसलं तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि सगळ्यात घाईची गोष्ट लोकांना सगळ्यात उशिरा कळते. निरोध फाटला किंवा वापरलाच नाही आणि धोका खरोखर मोठा असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांसमोर बसायला हवं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. प्रसंग ऐकून द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. पण पहिले तीन दिवस लाजेत आणि मोबाइलवर लक्षणं शोधण्यात गेले की तो दरवाजाच बंद होतो. हिपॅटायटिस बी-ची लस लहानपणी झालेली नसेल तर तीही तेव्हाच विचारून घ्यावी. म्हणजे भीतीचा उपयोग आहे, पण तिला तारखा लागतात. पहिले तीन दिवस ती पायांत हवी, पुढचे तीन महिने कॅलेंडरवर, आणि योग्य तारखेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की त्या प्रसंगापुरतं तिचं काम संपलं.

काका : बोलायला सोपं. पण भीती काढून घेतली की माणूस मोकाट सुटतो, या माझ्या बोलण्याला तू बगल दिलीस.

मी : तो आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनाही हेच ऐकवलं गेलं. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी सोडली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिलं. १९३४ सालचा त्यांच्यावरचा खटला कशावरून उभा राहिला? वाचकांनी लाजत-घाबरत पाठवलेल्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लोकांना पडलेल्या लैंगिक प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे अश्लीलता होत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न काही थांबले नाहीत. उत्तर देणाऱ्यालाच शिक्षा झाली.

पण तुमच्या आक्षेपाचा खरा निकाल आकड्यांनीच लागतो. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या चार राज्यांत १५ ते २४ वयाच्या गरोदर बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २००० ते २००४ या काळात १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आलं, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या वर्षांत आपल्याकडे काय वाढलं होतं? निरोधाचा वापर, देहविक्रय करणाऱ्या बायकांचं संघटन आणि उघड बोलणं. सांगलीत १९९२ पासून मीना सेषू यांची 'संग्राम' हेच काम करत होती. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकाच निरोध वाटत, गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय नकार देत. दुसरा पुरावा परदेशातला. केनिया, टांझानिया आणि त्रिनिदाद इथे तुलना करून पाहिली. ज्यांना समुपदेशनासह तपासणी मिळाली त्यांच्यापैकी पुरुषांमध्ये नेहमीच्या जोडीदाराबाहेरचे असुरक्षित संबंध ३५ टक्क्यांनी घटले. ज्यांना नुसती आरोग्याची माहिती मिळाली त्यांच्यात १३ टक्क्यांनी. तपासणीनं लोक मोकाट सुटले असते तर हे आकडे उलटे आले असते. तुमच्या बाजूचं एवढं मात्र मी मान्य करतो, काका, की नुसता रिपोर्ट हातात देऊन भागत नाही. त्याआधी आणि नंतर कुणीतरी अर्धा तास नीट बोलायला हवं.

काका : आणि ते बोलायला जायचं कुठं? सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं की पुढं मेहुणा, मागं शेजारी. संध्याकाळच्या आत गावभर होतं.

मी : तुमच्या सगळ्या बोलण्यात हे मला सगळ्यात वजनदार वाटतं, आणि याचाच फायदा दुसरे लोक उठवतात. एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेच्या डब्यात 'गुप्तरोग, धातू जाणे, शर्तिया इलाज' असे कागद चिकटवलेले असतात. १९५४ च्या कायद्यानं गुप्तरोगांच्या इलाजाच्या अशा जाहिरातींना बंदी आहे, तरी ते सुखेनैव राहतात, कारण तिथे गुप्ततेची हमी मिळते आणि घाबरलेला माणूस किंमत विचारत नाही. दुसरी वाट मेडिकलची. दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, अर्धवट डोस. पू थांबतो, जंतू राहतो आणि निबर होतो. पूर्वी सिप्रोफ्लॉक्सॅसिननं जाणारा परमा आता त्याला जुमानत नाही, तो अशाच वापरामुळे. पण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहण्याचा एक फायदा आपल्याला आहे. एचआयव्ही तपासणी-समुपदेशनाच्या केंद्राला जिल्ह्याची हद्द नसते. बीदरला ओळखीचे भेटतील असं वाटलं तर उदगीर आहे, लातूर आहे, सोलापूर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि तपासणी तिथेही मोफतच. घरबसल्या १०९७ या मोफत क्रमांकावर आधी विचारता येतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि थोडे अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय निकाल कुणाला सांगायचा नाही, असं बंधन तो कर्मचाऱ्यांवर घालतो. कायदा आहे म्हणून तोंडं बंद होतात असं मी म्हणणार नाही. समुपदेशकाच्या खोलीला नीट लागणारं दार आणि 'गुप्तरोग' असं ठळक न लिहिलेली पाटी, एवढ्यानं जे काम होईल ते शंभर पोस्टरांनी होणार नाही.

काका : एक राहिलंच. तीन महिन्यांनी रिपोर्ट साफ आला, दुसरा केला, तोही साफ. तरी पोरगं म्हणतं, मशीन चुकलं असेल. त्याला काय सांगायचं?

मी : त्याला पाचवी तपासणी सांगायची नाही. पॉझिटिव्ह रिपोर्टवर जेवढा विश्वास ठेवला असता तेवढाच निगेटिव्हवर ठेवायला हवा. नवा धोका पत्करलेला नसेल तर तीन महिन्यांनंतरचा निकाल बदलत नाही. तरीही मन मानत नसेल तर दुखणं रक्तात नाही, मनात आहे, आणि तेही खरंच दुखणं आहे. माणूस दिवसातून दहादा मानेतल्या गाठी चाचपतो, चाचपून चाचपून त्या दुखायला लागतात, मग दुखतात म्हणून पुन्हा घाबरतो. कुणी शेतावरच्या औषधाच्या डब्याकडे बघायला लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अशांसाठी आहे, आणि बीदरला मानसोपचार आहेत. आणि समजा, निकाल पॉझिटिव्ह आला, तरी हे १९९५ साल नव्हे. एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराची रोजची गोळी मोफत मिळते आणि माणूस जगतो, नांगर धरतो, पोरं वाढवतो. वेळेत औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९० टक्क्यांहून जास्त टळते, हे ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०११ साली सिद्ध झालं, तिच्यातली काही जोडपी पुण्याची होती.

काका : आणि बायकोला? तीन महिने तिला काय सांगायचं? खरं सांगितलं तर घर मोडेल.

मी : घर मोडू शकतं, हे मी नाकारत नाही. पण गप्प राहून ते जपलं जातं असंही नाही. पुण्याच्या त्या ३९१ बायकांच्या घरांत शांतताच होती. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत निरोधाशिवाय जवळ जायचं नाही, ही तर कमीत कमी अट आहे. परमा किंवा गरमी निघाली तर इलाज दोघांनी एकाच वेळी घ्यायचा, नाहीतर रोग नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून पुन्हा नवऱ्याकडे फिरत राहतो. म्हणूनच सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदाराला बोलवायला सांगतात. ते सांगणं जड जातं तेव्हा समुपदेशकासमोर दोघांना बसवता येतं. एचआयव्ही निघालाच तर कायदाही इथे पुरुषाच्या अब्रूपाशी थांबत नाही. त्यानं समजावूनही सांगितलं नाही आणि जोडीदाराला खरा धोका आहे असं डॉक्टरला किंवा समुपदेशकाला वाटलं, तर त्याला आधी कल्पना देऊन ते तिला सांगू शकतात. लागण बाईला असेल आणि सांगितल्यावर तिला मारहाण होण्याची भीती असेल, तर मात्र तिनं सांगितलंच पाहिजे अशी सक्ती कायदा करत नाही.

काका : म्हणजे माझ्या पोरानं लपवलं तर दवाखाना माझ्या सुनेला सांगणार?

मी : सांगू शकतो, काका. त्याला सांगायची पुरेशी संधी देऊन, आणि तरीही तो गप्प राहिला तर.